मोजणीबाहेरची वीज

२००० सालापर्यंत महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे गळतीबद्दलचे उत्तर ठरलेले होते. पारेषण आणि वितरणात मिळून १७-१८ टक्के वीज वाया जाते, असे मंडळ सांगत आले होते. मग नव्याने स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी झाली. आयोगाने आकडे तपासायला घेतले, पुण्याच्या ‘प्रयास’ गटासारख्या अभ्यासकांनी त्यावर हरकती नोंदवल्या, आणि पाहता पाहता ही गळती ३० टक्क्यांच्या वर असल्याचे मंडळालाच मान्य करावे लागले. त्या एका वर्षात राज्यात चोर दुपटीने वाढले नव्हते. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर वर्षानुवर्षे जी वीज खपवली जात होती, त्यातली बरीच पंपांपर्यंत पोचतच नव्हती. ती वाटेत कुठे गेली हे कोणी मोजले नव्हते.

वीजचोरीचा प्रश्न समजून घ्यायचा तर ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे चर्चा रंगते ती आकडेबहाद्दरांची, भरारी पथकांच्या धाडींची आणि पकडलेल्या लाखोंच्या चोरीची. पण चोरी टिकते ती मोजणी नसलेल्या जागेत. त्या जागेत चोर, त्याला सांभाळून घेणारा कर्मचारी आणि हिशेबाचे गणित जमवणारी कंपनी असे तिघेही सुखाने नांदतात. किंमत मोजतात ते वेगळेच लोक, कोणी पैशाने तर कोणी जिवाने.

चोरीच्या तऱ्हा

उघड्या तारांवर आकडा टाकणे हा सर्वांना दिसणारा प्रकार. रात्री टाकायचा, पहाटे काढायचा. लग्नाचा मांडव, जत्रेतले पाळणे, गल्लीतल्या मंडळाची रोषणाई, बांधावरची मोटार यांसाठी तो सर्रास वापरला जातो. गणेशोत्सव आणि नवरात्रात सवलतीच्या दराने तात्पुरती जोडणी घ्या, असे आवाहन राज्याची वितरण कंपनी महावितरण दरवर्षी करते. तरी आकडे पडतातच.

दुसरा प्रकार मीटरशी छेडछाड करण्याचा. चकतीच्या जुन्या मीटरच्या काळात हे काम गल्लीतला कोणीही ‘जाणकार’ करून देई. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर ते तितके सोपे राहिले नाही. आजचे मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतला प्रवाह तपासते. झाकण उघडले, चुंबकाचा प्रभाव पडला, दाब तुटला, तर वेळेसह नोंद ठेवते. ‘मीटर मंद करून देतो, कोणाला कळणार नाही’ असे म्हणणारा माणूस पैसे घेऊन निघून जातो. नोंद मीटरच्या पोटात राहते आणि सापडतो तो ग्राहक.

तिसरा प्रकार चटकन डोळ्यांत भरत नाही, पण युनिटांच्या हिशेबात सर्वांत मोठा असू शकतो. बर्फाचा कारखाना, खडी क्रशर, भातगिरणी, प्लॅस्टिकचे दाणे करणारा कारखाना अशा ठिकाणी एका बायपासमधून महिन्याला जितकी वीज जाते, तितकी शंभर झोपड्यांचे आकडे मिळूनही जात नाही. असे मोठे काम बहुधा आतल्या माणसाच्या मदतीशिवाय होत नाही.

चौथा प्रकार शहरी झोपडपट्टीतला. जागेचे कागद नाहीत म्हणून रीतसर जोडणी मिळत नाही. मग वस्तीतला एखादा दादा जवळच्या खांबावरून किंवा स्वतःच्या मीटरवरून तारा ओढतो आणि दिव्यामागे इतके, पंख्यामागे इतके, टीव्हीमागे इतके असा महिन्याचा ठराविक दर वसूल करतो. कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा स्वस्त दर ज्यांच्यासाठी ठेवला आहे, तीच माणसे दादाला त्याहून अधिक मोजतात. कागदोपत्री मात्र चोर तीच ठरतात.

या चारही प्रकारांना एकच उपाय लावायला गेले की काय होते, ते पुढे येईलच.

जीव कोणाचा जातो

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात गेल्या काही वर्षांत दरवर्षी १२ ते १३ हजार माणसे विजेच्या धक्क्याने मेली आहेत. हे सगळे मृत्यू चोरीमुळे होतात असे नाही. तुटलेल्या तारा, सदोष वायरिंग, अर्थिंग नसलेली यंत्रे अशी कारणे अनेक आहेत. पण चोरीच्या जोडणीत ही सगळी कारणे एकत्र येतात.

माणसाच्या शरीरातून साधारण १० मिलिअँपिअर प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअरला हृदयाची लय बिघडू शकते. घरातला ५ अँपिअरचा फ्यूज यापेक्षा पन्नास ते शंभर पटींनी मोठा प्रवाह सहन करतो, म्हणजे माणूस वाचवण्यासाठी तो बनवलेलाच नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी लागतो. आकडा टाकला की फ्यूज, एमसीबी, ईएलसीबी असे सगळेच पहारेकरी बाजूला पडतात. उरते ती थेट रोहित्रातून आलेली, २३० व्होल्टची मोकाट तार.

काही चोऱ्यांत परतीचा प्रवाह न्यूट्रलऐवजी जमिनीत सोडला जातो. अशा ठिकाणी ओली जमीन, नळाचा पाइप, पत्र्याची भिंत यांत वीज उतरते. पावसाळ्यात गोठ्याजवळ किंवा खांबाजवळ आधी जनावर पडते, त्याचे कारण शरीररचनेत आहे. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे दोन ठिकाणच्या जमिनीतल्या दाबाचा फरक जास्त, आणि प्रवाहाच्या वाटेत हृदय. बैल मेल्यावर पंचनामा होतो. वीज जमिनीत कोणी सोडली याचा छडा क्वचितच लागतो.

सर्वांत अन्यायकारक मृत्यू वायरमनचा. तो डीपी म्हणजे रोहित्र बंद करून खांबावर चढतो. कागदोपत्री तार मेलेली असते. पण शेजारच्या दुसऱ्या डीपीवरून कोणी चोरून वीज या बाजूला आणलेली असेल, तर बंद तारेत उलट्या बाजूने प्रवाह येतो. तारा शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय हात लावू नये, हा नियम याचसाठी आहे; पण भर पावसात, गाव खाली उभे राहून ओरडत असताना, एकट्या कंत्राटी कामगाराकडून तो दर वेळी पाळला जातोच असे नाही.

शेतीला रानडुकरांचा त्रास असतो, म्हणून विदर्भात कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचे प्रकार होतात. शेतातली वीज चोरीची असो वा मीटरची, अशा कुंपणात ती सोडणे गुन्हाच आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात ‘श्रीनिवास’ हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ अशाच कुंपणाने मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात ब्रह्मपुरीहून बोर व्याघ्र प्रकल्पात हलवलेली वाघीण तशीच गेली. वाघांची बातमी होते. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारचा शेतकरी किंवा कुंपणाचा मालक स्वतःच त्यात सापडतो, ती बातमी तालुक्याच्या पानाबाहेर जात नाही. सौर कुंपणही धक्का देते, पण तो अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या, कमी ऊर्जेच्या स्पंदांचा असतो. जनावर बिचकते, मरत नाही.

बिल कोण भरतो

पैशाचा हिशेब सोपा करून पाहू. समजा, वितरण कंपनीला गावाच्या वेशीपर्यंत आणलेले १०० युनिट ६०० रुपयांना पडतात. वाटेत १० युनिट गेले तर उरलेल्या ९० मधून पैसे वसूल करायचे. युनिटला ६ रुपये ६७ पैसे पडतात. २५ गेले तर ७५ मधून. दर ८ रुपये होतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला हा फरक वर्षाला सुमारे ३,२०० रुपयांचा. यात चूक त्या घराची काडीचीही नाही.

गळतीतला काही भाग अटळ असतो. तारा तापतात, रोहित्र गुणगुणते, त्यात ऊर्जा जातेच. आयोग म्हणूनच गळतीची एक मर्यादा ठरवून देतो. मर्यादेच्या आतला खर्च दरात येतो आणि प्रामाणिक ग्राहक भरतो. मर्यादेबाहेरचा कंपनीने सोसायचा असतो. पण कंपनी सरकारी असेल तर तिचा तोटा कर्जात साचतो, आणि शेवटी तो अनुदान किंवा दरवाढ यांपैकी एका वाटेने लोकांकडेच येतो. उद्योगांवर याचा दुहेरी भार पडतो, कारण शेतीच्या सवलतीचा काही हिस्साही त्यांच्याच दरात असतो.

बिलात न दिसणारा खर्च रोहित्राचा. १०० केव्हीएच्या डीपीवर नोंदलेला भार पाहून ती बसवलेली असते. प्रत्यक्षात तीवर दीडपट भार असेल, तर आतल्या तारांतली उष्णता भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कागदी आवरणाचे आयुष्य दर सहा ते दहा अंशांच्या वाढीमागे निम्मे होत जाते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ऐन रब्बीत डीपी जळते. नवी येईपर्यंत गहू-हरभऱ्याची पाण्याची पाळी चुकते. वर्गणी काढून रोहित्र आणायला ट्रॅक्टर पाठवणाऱ्या शेतकऱ्यांत नियमित बिल भरणारेही असतात. शहरात हाच भार न्यूट्रलवर येतो. ती तुटली की काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि एका फटक्यात चाळीतले टीव्ही-फ्रीज जातात.

कायद्याचा बडगा

वीज ही ‘जंगम मालमत्ता’ नव्हे, म्हणून साध्या चोरीचे कलम तिला सरळ लागत नव्हते. १९१० च्या कायद्याने ती चोरी मानली गेली. पण तक्रार कोणी करायची याचे बंधन होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात अवतारसिंग खटल्यात या तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा रद्द केली होती. २००३ च्या विद्युत कायद्याने चित्र बदलले. कलम १३५ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळी दंड मिळवलेल्या लाभाच्या किमान तिप्पट, पुन्हा सापडल्यास किमान सहापट. १० किलोवॅटच्या वरची चोरी दुसऱ्यांदा झाली तर किमान सहा महिने कैद. २००७ च्या दुरुस्तीनंतर चोरी आढळताच वीज तोडता येते, मात्र २४ तासांत पोलिसांत तक्रार द्यावी लागते, आणि आकारलेली रक्कम भरल्यावर ४८ तासांत पुरवठा जोडून द्यावा लागतो. कलम १५० मदत करणाऱ्यालाही गाठते. त्यात कंपनीचा कर्मचारी आणि परवानाधारक ठेकेदार दोघेही आले.

पकडले गेल्यावर किती पडते? एका दुकानाचा भार ३ किलोवॅट, रोज १० तास वापर आणि त्यातला ६० टक्के भार प्रत्यक्ष चालू धरला, तर महिन्याला ५४० आणि वर्षाला ६,४८० युनिट होतात. युनिटला १२ रुपये धरले तर ७७,७६० रुपये. आकारणी दुप्पट दराने म्हणजे १,५५,५२० रुपये. खटला टाळायचा असेल तर तडजोडीची रक्कम वेगळी. कायद्यातल्या तक्त्यानुसार व्यावसायिक ग्राहकाला किलोवॅटला १०,००० रुपये, म्हणजे आणखी ३०,०००. तडजोडीची ही सवलत एकदाच मिळते. महिन्याकाठी सहा-साडेसहा हजार वाचवण्यासाठी हा सट्टा कोणत्याच हिशेबात बसत नाही.

चोर सोडून संन्याशाला

कायदा कडक झाला तशी दुसरी बाजूही उघडी पडली. जोडणीत कृत्रिम साधन सापडले की ग्राहकानेच अप्रामाणिकपणे चोरी केली असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर. जुन्या भाडेकरूने केलेली करामत, गंजून उघडलेले सील, मुळातच सदोष मीटर अशा गोष्टींत निरपराध माणूस अडकू शकतो. चोरीच्या आकारणीविरुद्ध कंपनीच्या ग्राहक तक्रार मंचाकडे दाद मागता येत नाही. कलम १२६ च्या अनधिकृत वापराच्या आकारणीबाबत ग्राहक न्यायालयाचा दरवाजाही बंद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अनिस अहमद खटल्यात स्पष्ट केले. तिथे वाट आहे ती ३० दिवसांत अपील करण्याची, तीही निम्मी रक्कम आधी भरून.

म्हणून ग्राहकाने काही गोष्टी माहीत ठेवाव्यात. पथकातल्या माणसांची ओळखपत्रे पाहावीत. पंचनामा जागेवर झाला पाहिजे आणि त्याची प्रत मागून घ्यावी. काढलेले मीटर आपल्यासमोर सीलबंद व्हावे आणि त्याची तपासणी आपल्या उपस्थितीत व्हावी असा आग्रह धरावा. सूर्यास्तानंतर राहत्या घराची झडती घ्यायची तर त्या घरातला प्रौढ पुरुष हजर असावा लागतो, असे कलम १३५ म्हणते. घर भाड्याने घेताना किंवा विकत घेताना मीटरचे सील आणि मागची बिले पाहून घ्यावीत. न वाचता कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही करू नये.

काय लागू पडले, काय फसले

भिवंडी हे या विषयातले देशभर अभ्यासले गेलेले उदाहरण. लाखो यंत्रमागांचे हे शहर २००७ च्या २६ जानेवारीला महावितरणने टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले. तेव्हा तांत्रिक व वाणिज्यिक हानी, म्हणजे गळती आणि न झालेली वसुली मिळून, ५८ टक्क्यांच्या घरात होती आणि वर्षाला शंभरातली चाळीसेक रोहित्रे जळत. सुरुवातीला विरोध झाला, आंदोलने झाली. पण नवी मीटर बसवणे, उघड्या तारांच्या जागी आवरण असलेल्या केबल टाकणे, रोहित्रांची क्षमता वाढवणे आणि बिल दरमहा नेमाने देणे ही कामे झाली. चार-पाच वर्षांत हानी २० टक्क्यांच्या आसपास आली, रोहित्रे जळण्याचे प्रमाण तर फारच घटले.

पण ‘खासगीकरण केले की झाले’ असा निष्कर्ष काढायलाही जागा नाही. २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचा काही भागही असाच फ्रँचायझींना दिला गेला. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये आणि जळगावचा २०१५ मध्ये संपुष्टात आला. नागपूरची कंपनी २०१९ मध्ये बाहेर पडली. भिवंडीत आधी गुंतवणूक झाली आणि वसुलीला त्यानंतर जोर आला. नुसती कंपनी बदलून हा क्रम आपोआप येत नाही.

सरकारी व्यवस्थेतही दोन प्रयोग झाले. भारनियमनाच्या काळात महावितरणने फीडरची गळती आणि वसुली पाहून गट पाडले. ‘ए’पासून ‘जी-३’पर्यंत, गळती जास्त तितका अंधार जास्त. त्यामुळे गळती हा गावाच्या चर्चेचा विषय झाला खरा. पण शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा बिल भरणाऱ्यालाही झाली. दुसरा प्रयोग ‘अक्षय प्रकाश’ योजनेचा. संध्याकाळी मोटारी चालवणार नाही आणि आकडे टाकणार नाही असे गावाने ठरवायचे, आणि कंपनीने त्या बदल्यात संध्याकाळची वीज द्यायची. जिथे गावकऱ्यांनी स्वतः पथक करून आकडे उतरवले, तिथे पोलीस न येता फरक पडला. देवाणघेवाण स्पष्ट होती, म्हणून ती काही काळ चालली.

झोपडपट्टीबाबत अहमदाबादचा अनुभव बोलका आहे. २००१ च्या सुमारास तिथल्या वीज कंपनीने ‘सेवा’ आणि ‘साथ’ या संस्थांबरोबर एक प्रयोग केला. जागेच्या मालकीचा कागद मागायचा नाही, फक्त हमीपत्र घ्यायचे आणि रीतसर मीटर द्यायचे. ज्यांना बिल भरणे जमणार नाही असे समजले जात होते, ते नियमित ग्राहक झाले. दादाच्या तारेपेक्षा मीटर स्वस्त पडते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आणि राजकारण? ब्रायन मिन आणि मिरियम गोल्डन या संशोधकांनी उत्तर प्रदेशातली १९७० पासूनची चार दशकांची आकडेवारी तपासली. निवडणुकीच्या सुमारास विजेची गळती वाढते, असे त्यांना दिसले. धाडी कोणत्या महिन्यात थंडावतात, हे आपल्याकडच्याही वायरमनला विचारून पाहावे.

स्मार्ट मीटरने काय होईल

केंद्राने २०२१ मध्ये ३ लाख कोटी रुपयांहून मोठी सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली आणि देशात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. देशाची तांत्रिक व वाणिज्यिक हानी २०२०-२१ मध्ये सुमारे २२ टक्के होती, ती २०२२-२३ पर्यंत १५ टक्क्यांच्या आसपास उतरली. महाराष्ट्रात मात्र प्रीपेड मीटरला इतका विरोध झाला की २०२४ च्या जूनमध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना ते बसवणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले.

विरोधामागच्या शंका सगळ्याच निराधार नव्हत्या. पण या वादात एक मुद्दा बाजूला पडला. घराच्या मीटरने एका घराची मोजणी होते. चोरी दिसायची तर डीपीवरही मीटर हवे आणि दोन्हींची बेरीज दरमहा जुळवून पाहायला हवी. डीपीतून निघालेले युनिट आणि तिच्याखालच्या घरांच्या बिलांतले युनिट यांत मोठी तफावत असेल, तर चोर कोणत्या पन्नास घरांच्या किंवा कोणत्या एका कारखान्याच्या आसपास आहे ते कळते. मग गावभर धाड घालायची गरज उरत नाही. मीटर नसलेला पंप या बेरजेला भोक पाडतो. मार्च २०२० च्या दरनिश्चिती आदेशात आयोगाने शेतीपंपांच्या नावावर दाखवलेली विक्री कमी धरली, तशी गळती पुन्हा वर गेली. वीस वर्षांनी तोच धडा. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरते आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे चांगलेच. पण बिल शून्य असले तरी मोजणी शून्य असता कामा नये, नाहीतर शासन नेमक्या कोणत्या विजेचे पैसे भरते हेच कळणार नाही.

तेव्हा धाडी हव्यात, पण क्रम बदलून हव्यात. आधी मोठा भार आणि त्याच्याशी संगनमत करणारे आतले हात, मग मांडव आणि आकडे. वस्तीला धाडीआधी मीटर मिळाले पाहिजे. आणि प्रत्येक डीपीवर किती युनिट आले, किती विकले गेले आणि किती गायब झाले, ते दरमहा त्या भागातल्या कार्यालयाबाहेर फलकावर लागले पाहिजे. आज हा हिशेब कंपनीच्या संगणकात असला तरी ज्यांच्याकडून त्याची वसुली होते त्यांना तो दिसत नाही. पुढच्या दरवाढीच्या सुनावणीत ग्राहकांनी दर किती वाढवणार हे विचारण्याआधी आमच्या डीपीची गळती किती, हे विचारावे. त्याचे उत्तर देणे भाग पडले की गळती शेतीपंपांच्या खात्यात ढकलायला जागा उरणार नाही.